वर्षाच्या आतला पैसा

पैशावर लिहायला आपल्यातले कवी लाजतात. भुकेवर लिहितात, घामावर लिहितात, सावकाराच्या वहीवर लिहितात. पण पगारातले हजार-दीड हजार वाचलेच, तर ते ठेवायचे कुठं, ह्यावर कुणी ओळ लिहीत नाही. हा विषय जणू पांढरपेशांचा. ज्यांच्या घरी लोखंडी कपाट आहे त्यांचा. आपण आपलं क्रांतीचं बोलावं! मी म्हणतो दोस्तांनो, ज्याच्याकडं पुढच्या महिन्याचं भाडं नाही त्याची क्रांती सात तारखेपर्यंतच टिकते. म्हणून आज कविता बाजूला सारून हिशेब लिहितोय.

आधीच सांगून टाकतो. श्रीमंत कसं व्हावं ते मला ठाऊक नाही. म्हातारपणाचा पैसा, घर बांधायचा पैसा हा वेगळा विषय. त्याला दहा-वीस वर्षं हाताशी असतात. मी बोलतोय तो वर्षाच्या आत लागणारा पैसा. पोरीची फी, बाळंतपण, पावसाळ्याआधी घालायचा पत्रा, काम सुटलं तर दोन महिन्यांचं पीठमीठ. ह्या पैशाला तारीख असते. ती तारीख आपण ठरवत नाही. कॉलेज ठरवतं, दवाखाना ठरवतो, पाऊस ठरवतो, मालक ठरवतो.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. कंत्राटदाराचा माणूस. तुटलेला धागा जोडायचा, पुढं सरकायचं. हातात पडतात १२,४०० रुपये. घरात आई, बाप, धाकटी बहीण. बहीण नर्सिंगला जायचं म्हणते. आपल्या पोरांना शिष्यवृत्ती आहे, खरंय. पण ती येते मागाहून. कॉलेज पैसे मागतं पुढून. त्या मागच्या-पुढच्या महिन्यांत कितीतरी पोरी घरी बसतात, नि कागदावर मात्र सगळं मंजूर असतं! वसतिगृह, पुस्तकं, गणवेश, सुरवातीची भरती, असे १८,००० रुपये ऑगस्टात रोख लागणार आहेत. गेल्या सप्टेंबरपासून मी महिन्याला १,६०० बाजूला टाकतोय. आजवर सात हप्ते झाले. अकरा व्हायचेत. तेव्हा हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. हे पैसे ठेवायला जागा शोधत मी बरंच हिंडलोय.

मोठी माणसं जोखीम म्हणतात ती वेगळी. भाव चढला, भाव उतरला, त्याला ते जोखीम म्हणतात. आपली जोखीम एवढीच की ज्या दिवशी पैसे लागतील त्या दिवशी ते हातात येतात की नाही. शंभराचे नव्वद झाले तर आपण मरतो. शंभराचे शंभरच राहिले पण काउंटरवरचा साहेब म्हणाला, "तीन महिन्यांनी या", तरीही आपण मरतो. दोन्हीत फरक नाही.

म्हणून मी प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारतो. पैशाला जबाबदार कोण? काढायला दिवस किती? आणि आणखी कुणाचा हात त्यावर पडू शकतो?

पहिली जागा तांदळाचा डबा. आमच्या आईची बँक. काढायला एक मिनिट लागतं, साहेब नाही, फॉर्म नाही. पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, नि आईच्या डब्यातल्या बारा नोटांची रांग झाली. दोन दिवसांचा रोज बुडाला. बापाला तोवर डब्यातल्या पैशाचा पत्ता नव्हता, तो लागला. त्यानं दोन नोटांची उचल केली, ती परत आली नाही. घरातला पैसा दिसतो, म्हणून जातो. दार वाजवणारा शेजारी खरोखर अडचणीत असतो, त्याला नाही कसं म्हणणार? आई म्हणते, "बँकंत ठेवलं की दिसत न्हाई, घरात ठेवलं की ऱ्हात न्हाई." डब्यात आठवड्याच्या बाजारापुरतं ठेवावं. त्याच्यावर नको.

दुसरी जागा भिशी. आमच्या भागात दिवाळीला भिशी फुटते. बायका दर आठवड्याला पैसे भरतात. मधल्या काळात त्यातलेच पैसे एकमेकींना व्याजानं देतात. दिवाळीला हिशेब होऊन वाटणी. दुसरी नंबराची भिशी. बाराजणी दरमहा हजार भरतात, दरमहा एकीला बारा हजार. भिशीला नावं ठेवणारे मला आवडत नाहीत. बँकेचा शिपाईसुद्धा ज्यांना आत घेत नव्हता त्या बायकांनी स्वतःची बँक चालवली. कागद नाही, सही नाही. लाजेवर चालवली. पण लाज हेच तिचं तारण आहे. पहिला नंबर लागलेली बाई वस्ती सोडून गेली की तारणही गेलं. भिशी चालवणारीचा नवरा दारुडा निघाला, तरी तेच. जी बाई दहा वर्षं आपल्या डोळ्यांपुढं आहे तिच्याच भिशीत जावं. आणि ज्या पैशाला तारीख आहे तो सगळाच्या सगळा तिथं ठेवू नये.

तिसरी जागा पिग्मी. चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी एजंट येतो, दहा-वीस-पन्नास घेतो, पावती फाडतो. माझ्या बापानं सहा वर्षं अशी पिग्मी भरली. तो हमाली करायचा. पतसंस्थेचं नाव इथं लिहीत नाही. तिचं कार्यालय चकचकीत होतं, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या, काउंटरला काच होती. बापाला ती बँकच वाटायची. एके सोमवारी शटर उघडलं नाही. बापाचे ३८,००० आत होते, पत्रा बदलायचे. पावसाळा तोंडावर आलेला. पुढं प्रशासक आला. अर्ज भरले, झेरॉक्स काढल्या. पहिल्या वाटपात ४,००० मिळाले. अजून बाप ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतो. त्या वर्षी आम्ही पातेली लावून झोपलो.

बापाची ह्यात काय चूक? रोज पन्नास रुपये घ्यायला दारात येणारी दुसरी कुठली बँक होती त्याच्यासाठी? पण एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. ती मी इथं ठळक सांगतो, पाठ करून ठेवा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि बँकेतल्या ठेवीला विमा असतो. सहकारी पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो. सगळ्या पतसंस्था बुडव्या आहेत असं मी म्हणत नाही. चांगल्याही आहेत, माणसं आपली असतात, अडीनडीला कर्ज देतात. तिथं सभासद व्हा, कर्ज घ्या, थोडा शेअर ठेवा. पण पोरीच्या फीचे पैसे विम्याबाहेर ठेवू नका. एक-दोन टक्के व्याज जास्त मिळतं ते उगाच मिळत नाही, ती ह्या धोक्याची किंमत आहे.

आता हा विमा काय आहे? १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १९६२ पासून देशात ठेवींचा विमा सुरू झाला. सुरवातीला फक्त १,५०० रुपयांपर्यंत. १९९३ पासून १ लाख. ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत. त्याचा हप्ता बँक भरते, आपण भरायचा नसतो. सरकारी बँक, खाजगी बँक, सहकारी बँक, सगळ्यांना लागू. आपल्यापैकी कुणाकडं पाच लाख आहेत? म्हणजे विमा असलेल्या बँकेत आपले सगळेच पैसे विम्याच्या आत येतात. श्रीमंताला नसलेलं हे एक सुख आपल्याला आहे!

पण विमा आहे म्हणजे पैसा उद्याच मिळेल असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. पहिल्या दिवशी हुकूम निघाला, सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये! पुढं मर्यादा वाढवत नेली, पण मुंबईतली म्हातारी माणसं शाखेच्या दारात छाती बडवत होती ती आपण पाहिलीत. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला. बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची असं ठरलं. पूर्वी वर्षानुवर्षं जायची. सुधारणा मोठी आहे. तरी हिशेब करा. ९० दिवस म्हणजे तीन भाडी. म्हणून छोट्या सहकारी बँकेत खातं असेल तर असू द्या, पण सगळी अंडी त्या एका टोपलीत नकोत. निदान दोन महिन्यांचा खर्च दुसरीकडं, सरकारी बँकेत किंवा पोस्टात.

पोस्ट. मला विचाराल तर नव्या माणसानं इथून सुरवात करावी. टपाल खात्याच्या बचत खात्यात विम्याची भानगड नाही, सगळ्या पैशाला केंद्र सरकार जबाबदार. ५०० रुपयांत खातं उघडतं, तेवढे मात्र आत राहू द्यावे लागतात. व्याज वर्षाला ४ टक्के, कित्येक वर्षं तेच चालू आहे. मोठ्या बँकांनी २०२५ मध्ये बचत खात्याचं व्याज अडीच टक्क्यांवर आणलं, तेव्हा पोस्टाचं ४ टक्के बरंच म्हणायचं. एक खुबी आहे. महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज धरतात. म्हणजे पगार सातला झाला की आठ-नऊ तारखेला भरून टाकायचं. अकराला भरलं तर त्या महिन्याचं व्याज गेलं. मी शेवटची पाळी सुटली की झोपेआधी पोस्टात जाऊन उभा राहतो.

पोस्टातली पाच वर्षांची आवर्त ठेव एजंट गळ्यात मारतो. चांगली आहे, पण पाच वर्षांची आहे. तीन वर्षांआधी मोडता येत नाही. वर्षाच्या आतल्या पैशाला तिचा उपयोग नाही. एक वर्षाची मुदत ठेव आहे. तीही सहा महिन्यांपर्यंत हलत नाही, आणि सहा महिन्यांनंतर पण वर्षाच्या आत मोडली तर बचत खात्याचंच व्याज मिळतं.

बँकेची मुदत ठेव त्या मानानं लवचिक. सात दिवसांपासून पुढं हवी तेवढी. मधेच मोडली तर बहुतेक बँका अर्धा-एक टक्का व्याज कापतात, मुद्दल परत देतात. इथं माझ्या एका गिरणीतल्या दोस्तानं शिकवलेली युक्ती सांगतो. १२,००० असतील तर त्याची एक पावती करू नका. चार-चार हजारांच्या तीन करा. अडचण चार हजारांची आली तर एकच मोडते, बाकी दोन शाबूत. पावती असली की एक आणखी होतं. शेजाऱ्याला सांगता येतं, "पैसे अडकलेत." खोटंही नाही नि वाईटही वाटत नाही.

आणखी एक जागा आहे, तिचं नाव आपल्या वस्तीत कुणी घेत नाही. सरकारी हुंडी, ट्रेझरी बिल. सरकार स्वतःच ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांसाठी पैसे उसने घेतं. शंभराची हुंडी शंभराहून कमी किंमतीला मिळते, मुदतीला पूर्ण शंभर येतात. मधला फरक हेच व्याज. पूर्वी हे मोठ्या बँकांचं काम होतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं 'रिटेल डायरेक्ट' नावानं साध्या माणसाला दार उघडलं. खात्याला फी नाही, कमीत कमी १०,००० रुपये. मधे कुणी दलाल नाही. आपण सरकारला कर्ज देतोय, ह्या विचारानंच मला हसू येतं. सरकार आपल्या दारात! पण मुदतीपूर्वी विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं, म्हणून ज्याला तारीख नक्की माहीत आहे त्यानंच घ्यावी. अचानक लागणाऱ्या पैशासाठी नाही.

शहरातली पोरं लिक्विड फंडाचं सांगतात. तिथं कंपनी आपले पैसे ९१ दिवसांच्या आत फिटणाऱ्या कर्जरोख्यांत घालते. एक-दोन दिवसांत काढता येतात. साधारणपणे फारसा हलत नाही. पण त्याला विमा नाही, सरकारची हमी नाही. एप्रिल २०२० मध्ये एका नामांकित कंपनीनं आपल्या सहा कर्ज योजना एका रात्रीत गुंडाळल्या. त्या लिक्विड नव्हत्या, पण त्यात पैसे ठेवणाऱ्यांनाही "सुरक्षित आहे" असंच सांगितलेलं. ज्याच्याकडं आधीच सहा महिन्यांचा खर्च पोस्टात पडलाय त्यानं हा खेळ बघावा. माझ्याकडं नाही.

सोनं? आई म्हणते, "मणी घे, रातच्याला बी पैसं हुत्यात." होतात, पण घेताना घडणावळ जाते, ३ टक्के जीएसटी जातो, विकताना सोनार घट धरतो. दहा वर्षांसाठी सोनं ठीक. दहा महिन्यांसाठी घेतलं तर सोनाराची दिवाळी.

आणि सहा महिन्यांत दुप्पट करून देणारे. हे लोक आपल्याच वस्तीत का येतात? आपल्यातलाच एखादा शिकलेला पोरगा पुढं घालतात, तो "जय भीम" म्हणून बैठक भरवतो. त्यांना एकच विचारा. आमच्या भागातला सावकार शेकडा पाच घेतो, महिन्याला. म्हणजे वर्षाला ६० टक्के. तो माणसाचं रक्त पितो तरी त्याला दुप्पट करायला दीड वर्षाच्या वर लागतं. मग सहा महिन्यांत दुप्पट देणाऱ्याचा धंदा सावकारीपेक्षा भारी कोणता?

आता माझा हिशेब मांडतो. महिन्याला १,६०० प्रमाणे अकरा हप्ते, १७,६०० रुपये. सरळ व्याजानं ४ टक्क्यांनी धरलं तर अकरा महिन्यांत व्याज ३५२. ६ टक्क्यांनी धरलं तर ५२८. फरक १७६ रुपये. हा १७६ रुपयांचा फरक मिळवायला लोक पतसंस्था बदलतात, अनोळखी एजंटाच्या मागं फिरतात. आता दुसरी बाजू. ऑगस्टात हे पैसे मिळालेच नाहीत आणि सावकाराकडून १८,००० उचलले, तर शेकडा पाचनं महिन्याला ९००. शिष्यवृत्ती यायला आठ महिने लागले तर ७,२०० रुपये नुसतं व्याज. एका पारड्यात १७६ आणि दुसऱ्यात ७,२००! आपली कमाई व्याज मिळण्यात नाही गड्यांनो, व्याज न भरण्यात आहे. हे एकदा कळलं की कुठल्याही एजंटाची भीड पडत नाही.

पण हे सगळं मी फीसाठीच लिहीत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या कंत्राटदारानं पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला, पण खात्यात भरला नाही. आता फोनवर दिसतं. चार महिन्यांचे कप्पे रिकामे. आम्ही एकतीस जण गेटवर बसलो. "पैसे भर, पावती दाखव, मग पाळी लावतो." कंत्राटदार हसला. त्याला आमचा हिशेब ठाऊक होता. कुणाच्या घरी किती दिवसांचं पीठ आहे हे त्याचा मुकादम नाव घेऊन सांगू शकायचा.

पाचव्या दिवशी सहाजण आत गेले. दहाव्या दिवशी आणखी अकरा. आमच्यातले तरणेताठे शिव्या देऊ लागले, गद्दार म्हणाले. मी त्यातल्या एकाच्या घरी गेलो. त्याच्या बायकोच्या गटाच्या कर्जाचा हप्ता मंगळवारी होता, हप्तेवाला ओसरीवर बसलेला. ह्याला गद्दार म्हणायचं? त्याच्याकडं निष्ठा होती, सात हजार नव्हते. बाविसाव्या दिवशी आम्ही चौदाजण बाहेर होतो. चौदांपैकी बहुतेकांच्या घरी कुणाची भिशी फुटलेली, कुणाचं पोस्ट, कुणाच्या बायकोचं शिवणकाम. माझ्या खात्यात तेव्हा ९,३०० होते. कंत्राटदारानं चार महिन्यांचा निधी भरला. सगळ्या एकतीस जणांचा भरला. बाविस दिवसांचा पगार मात्र दिला नाही. अर्धी जीत म्हणा. पण ती भाषणानं झाली नाही. कविता मी रोज म्हणत होतो गेटवर, त्यानंही झाली नाही. पुस्तकातल्या आकड्यानं झाली.

माझा आज्जा मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, नि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. आज्ज्याची शिल्लक पावसाळ्यापर्यंत पुरली. मग पितळी भांडी गेली, मग खोली. त्याच्याही आधीची गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत विणाईच्या खात्यात पगार जास्त, आणि तिथं आपल्या माणसाला मज्जाव होता. कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, नि आपल्या तोंडाचा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे पहिल्यापासून आपल्याला कमी पगाराच्या खात्यात ठेवलं, नि कमी पगारातून शिल्लक पडत नाही, नि शिल्लक नसलेला माणूस संपात आधी मोडतो, नि मग म्हणायचं ह्या लोकांना बचतीची सवय नाही! सवय नव्हती की संधी नव्हती?

बाबासाहेबांचं १९२३ चं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक लंडनात छापलं गेलं. आपण त्याचं नाव भाषणात घेतो, रिझर्व्ह बँकेचा विषय निघाला की छाती फुगवतो. मी ते अडखळत अडखळत, डिक्शनरी मांडीवर घेऊन थोडं वाचलं. मला त्यातून कळलं ते हे की रुपयाचा खरा प्रश्न तो बाजारात काय नि किती विकत घेतो हा आहे. भाव चढतात तेव्हा मजुरी मागं रेंगाळते, आणि ते नुकसान मजुराच्या अंगावर पडतं. हे आपल्या विषयाला थेट लागू आहे. पोस्टातल्या ४ टक्क्यांना महागाई कुरतडते. दहा वर्षं तिथंच पैसा पडू दिला तर पोकळ होईल. पण दहा महिन्यांत कुरतडून कुरतडून किती कुरतडेल? तेवढं सोसावं. थोडी झीज चालते, भोक चालत नाही.

आणि तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला दिलेला उपदेश वाचा. मिळकतीचे चार वाटे सांगितलेत. एक वाटा खायला-प्यायला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे सांगणं गृहस्थासाठी आहे, भिक्खूसाठी नाही. आपल्या मिळकतीचे चार वाटे पडत नाहीत, साडेतीन वाटे पोटातच जातात, हे मलाही कळतं. पण उरलेल्या अर्ध्या वाट्याला जागा पाहिजे की नको?

आता मंडळाच्या पैशाचं बोलू. एप्रिल आलाय. फेब्रुवारीपासून वर्गणी गोळा होते आणि ती कुणाच्या तरी खिशात, कुणाच्या तरी फोनमधल्या खात्यात पडून असते. माणूस प्रामाणिक असतो, पण त्याच्या खात्यातून मोटारसायकलचा हप्ता आपोआप कापला जातो नि त्यात वर्गणी जाते! मग वाद, मग दोन मंडळं. मंडळाची नोंदणी करा, मंडळाच्या नावानं बँकेत खातं काढा, तिघांपैकी दोघांच्या सह्यांनीच पैसे निघतील असं लिहून द्या. दर रविवारी शिल्लक फळ्यावर खडूनं लिहा. ज्या वस्तीत वर्गणीचा आकडा फळ्यावर असतो तिथं पुढच्या वर्षी मागावी लागत नाही.

स्वतःच्या पैशाचंही तसंच. ज्या बँकेचं कर्ज आहे त्याच बँकेत शिल्लक ठेवू नका, हप्ता थकला की तिथूनच वळती होते. साठवणीच्या खात्याला फोनचं पैसे पाठवायचं ॲप जोडू नका. एका खोट्या फोननं रिकामं होतं, आणि आपलाही हात सारखा जातो. खात्यावर वारस लावा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत लावता येतात. आईचं नाव लावा, बायकोचं लावा. बायकोला पुस्तक कुठं आहे ते सांगा! किती बायका नवरा गेल्यावर त्याच्या पैशासाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात.

अभ्यासवर्गात पुढच्या रविवारी भाषण नको. प्रत्येकानं एक कागद आणावा. वर्षाच्या आत कुठल्या तारखेला किती लागणार ते लिहावं, त्याला उरलेल्या महिन्यांनी भागावं. आकडा फार मोठा आला तर घाबरू नका, निम्मा तर निम्मा. सोमवारी मी दुसऱ्या पाळीला आहे, सकाळी मोकळा. ज्यांचं पोस्टात खातं नाही त्यांनी आधार, दोन फोटो नि ५०० रुपये घेऊन साडेदहाला पोस्टासमोरच्या पिंपळाखाली यावं. फॉर्म मी भरून देईन. बहीणही येतेय, तिला तिचं स्वतःचं खातं काढायचंय.

जय भीम.